जादा पाटे, मोठे टायर आणि चॅसीवरचा ताजा काळा रंग: सोलापुरात बघितलेल्या मॉडिफाय पिकअपचा रिव्ह्यू

दिवाळी झाली की पिकअप घ्यायची हे आमच्या घरात दसऱ्यालाच ठरलं होतं. आमची शेती मोहोळ तालुक्यात, कांदा आणि थोडी द्राक्षबाग, आणि दरवर्षी तेच, कांदा काढून पिशव्या भरून ठेवायच्या आणि भाड्याच्या गाडीवाल्याला फोन करत बसायचं, तो म्हणणार येतो येतो आणि येणार रात्री दोनला, मग सोलापूरच्या मार्केट यार्डात पोचेपर्यंत गेटपासून लाईन लागलेली. धाकटा भाऊ म्हणला दादा आता बास झालं, जुनी का असंना पण आपली पाहिजे. पैसे साडेपाच लाख, त्यातले निम्मे बायकोचे दागिने ठेवून उभे केलेले, त्यामुळं चुकायला जागाच नव्हती. कुणी मॉडिफाय केलेली डिझेल पिकअप बघायला निघाला असेल तर त्याला कामाला यावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी पुणे रोडला बाळ्याच्या पुढं जुन्या गाड्यांच्या एका यार्डात बघितलो. महिंद्रा बोलेरो पिकअप, २०१८ चं मॉडेल, बीएस-४ म्हणजे धुराच्या आधीच्या नियमातली, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, एमएच ४५ म्हणजे अकलूज पासिंग. सांगितलेली किंमत ५ लाख ७० हजार. आणि गाडी दिसायला खरंच एक नंबर. मोठे जाड टायर, काळे अलॉय, पुढं लोखंडी जाळीचा बंपर, केबिनच्या डोक्यावर एलईडीचा पट्टा, हौद्याला म्हणजे मागं माल भरायच्या जागेला अँगल मारून बाजू दीड फूट उंच केलेल्या, खाली जाड पत्रा टाकलेला, मागं जादा पाटे म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, सायलेन्सर बदललेला, आत म्युझिक सिस्टीम, फाळक्यावर म्हणजे हौद्याच्या मागच्या दारावर आई तुळजाभवानीचं नाव सोनेरी अक्षरात. भावाचा जीव तिथंच अडकला. यार्डवाला म्हणला, मालक, दोन लाखाचं काम केलंय बघा हिच्यावर, डोळे झाकून तीन टन टाका, हलणार नाही.

तेव्हा मला ते ऐकून बरं वाटलं होतं. घरी येताना मोहोळपर्यंत तेच डोक्यात फिरत होतं आणि मग लक्षात आलं, तीन टन टाकल्यावर हलत नाही हे ह्याला कसं माहीत, म्हणजे कुणीतरी तीन टन टाकत होतं. ह्या गाड्या मॉडेलप्रमाणं सव्वा ते पावणेदोन टन न्यायला बनवलेल्या असतात. मॉडिफिकेशन म्हणजे आपण फुकट मिळालेलं जादा सामान समजतो, मी पण तेच समजलो होतो, पण प्रत्येक बदल कुणीतरी कशासाठी तरी केलेला असतो. बाजू उंच कशाला केल्या, पाटे कशाला वाढवले, रंग कशाला मारला, हे एकेक विचारत गेलं की गाडीनं आजपर्यंत काय सोसलंय ते सगळं बाहेर येतं.

पहिल्या दिवशी आम्ही सकाळी अकराला गेलो होतो आणि बोनेटवर हात ठेवला तर गरम. यार्डवाला म्हणला आत्ताच जागा बदलली गाडीची. असेल. पण डिझेल गाडी गार असताना चालू होताना जेवढं खरं बोलते तेवढं नंतर बोलत नाही, म्हणून म्हणलो उद्या सकाळी साडेसहाला येतो, आमच्या समोर पहिली चावी मारायची, तोपर्यंत हात लावायचा नाही. तो जरा नाराज झाला पण कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी उस्तादला घेऊन गेलो. उस्ताद म्हणजे विजापूर वेशीकडं ज्यांचं गॅरेज आहे ते, माझ्या वडिलांचा जुना टेम्पो पण तेच करायचे. गाडी बघायला येण्याचे ५०० रुपये घेतात आणि कुठल्याच यार्डवाल्याकडून कमिशन घेत नाहीत, हे त्यांनी मला गाडीत बसताच सांगितलं. सोबत एक पिशवी, त्यात टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, लोहचुंबक, सुतळी, मोजायची टेप, एका बाटलीत थोडं डिझेल, चिंध्या आणि शाळेतला पांढरा खडू. खडू कशाला म्हणून विचारलो तर म्हणले कळंल.

आधी बोनेट. हात ठेवला, गार होतं, चांगलं. चावी नुसती ऑन केली, स्टार्टर मारला नाही, आणि मीटरकडं बघ म्हणले. ऑन केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. इथं दिवा लागलाच नाही. नवीन माणूस म्हणणार दिवा नाही म्हणजे गाडीत फॉल्ट नाही, पण उस्तादनी सांगितलं की दिवा कधीच लागत नाही म्हणजे तो कुणीतरी काढलाय नाहीतर बंद केलाय, आणि दिवा बंद करायची वेळ तेव्हाच येते जेव्हा तो विझत नसतो.

स्टार्ट मात्र सुंदर. अर्ध्या सेल्फला चालू, थोडा पांढरट धूर आला आणि दहा-पंधरा सेकंदात गेला. गार गाडीला एवढा धूर असतोच. पांढरा धूर जातच नसेल आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर, ग्लो प्लग नाहीतर कॉम्प्रेशनचं काम, गोडसर वास येत असेल तर कूलंट आत जातंय, निळा असेल तर ऑइल जळतंय. ऑइल टाकायचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं ठेवलं, गाडी चालूच. झाकण थोडं थरथरलं पण उडालं नाही, खालून फसफस धूर पण नाही, म्हणजे पिस्टन रिंग ठीक. डिपस्टिक काढून हुंगली, डिझेलचा वास नाही. रेडिएटरच्या टाकीत मात्र गंजलेलं तांबूस पाणी होतं, कूलंट नावाला पण नाही. आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर जातो आणि लोक रेडिएटरला बोअरचं खारं पाणी घालतात, आतून सगळं गंजून जातं ओ, दोन-तीनशे रुपयाच्या कूलंटपायी.

मग सापडला डबा. बॅटरीच्या मागं टेपनं गुंडाळलेला काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा, त्याच्यातून दोन वायरी इंजिनच्या कॉमन रेलकडं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीकडं गेलेल्या. यार्डवाला खुशीत म्हणला, ट्यूनिंग आहे साहेब, गाडीची उचल बघा कसली आहे. उस्तादनी मला बाजूला घेऊन समजावलं. कॉमन रेलवर डिझेलचं प्रेशर मोजणारा एक सेन्सर असतो, हा डबा त्या सेन्सरच्या मधे बसतो आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो की प्रेशर कमी आहे, मग तो बिचारा प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं, ताकद वाढते. पण ते जादाचं डिझेल पूर्ण जळत नाही, काळा धूर होतो, सायलेन्सरकडचं तापमान वाढतं, आणि टर्बो, इंजेक्टर, क्लच सगळ्यांवर ताण येतो. कंपनीनं जेवढी ताकद दिली तेवढ्याच हिशोबानं क्लच प्लेट दिलेली असते. शिवाय ईजीआरला, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, जाणाऱ्या पाइपच्या तोंडावर पत्र्याची चकती मारून तो बंद केलेला. दिवा का काढला ह्याचं उत्तर तिथंच मिळालं.

टर्बोच्या तोंडचा होस सैल करून आतला पंखा बोटानं हलवून बघितला, वर-खाली किंचित, आत-बाहेर जवळजवळ नाही, चालेल म्हणले. इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार लहान बाटल्यांत सोडल्या आणि गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवली. तिघांत सारखंच डिझेल आलं, चौथ्यात थोडं जास्त. एक इंजेक्टर आज ना उद्या करावा लागणार. पण सगळं धरून इंजिन चांगलं होतं आणि ते मी मोकळ्या मनानं लिहितो. हे अडीच लिटरचं इंजिन आपल्याकडं गावोगाव माहितीचं आहे, पार्ट कुठंही मिळतो, आणि इतका त्रास देऊन सुद्धा ते सकाळी अर्ध्या सेल्फला उठत होतं.

इथपर्यंत भावाचा चेहरा खुललेला. डबा काढून टाकू, चकती काढू, कूलंट बदलू, संपलं.

मग उस्ताद पोतं टाकून गाडीखाली गेले.

दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, नुसता टॉर्च इकडून तिकडं. मग म्हणले तू पण ये खाली. गेलो. आतून सगळी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, काळी कुळकुळीत, नवीन असल्यासारखी. मी म्हणलो चांगली ठेवलीय की. ते म्हणले नीट बघ, रंग कुठं कुठं लागलाय. बघितलो तर रंग नटावर, ब्रेकच्या पाइपवर, हँडब्रेकच्या केबलच्या रबरावर, पाट्याच्या बुशवर सुद्धा. कंपनीचा रंग चॅसीला गाडी जोडायच्या आधी लागतो, रबरावर कसा येईल. सात वर्षं शेतात आणि बाजारात फिरलेल्या गाडीची चॅसी थोडी धुळकट, कुठंतरी तपकिरी, चिखल सुकलेली असणारच, तशी दिसली तर घाबरायचं नाही. इतकी काळी दिसली तर तो रंग खरवडायचा.

पाटे मोजले. दोन्ही बाजूंना तीन-तीन जादा, आणि ते मूळ पाट्यांच्या जातीचे नव्हते, जाडी वेगळी, कुठल्यातरी मोठ्या गाडीचे कापून बसवलेले. यू बोल्ट लांब टाकलेले, एका बाजूचा पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट झिजलेला त्यामुळं पाटे किंचित सरकलेले. आपण समजतो पाटे वाढवले की गाडी मजबूत झाली. गाडी मजबूत होत नाही, फक्त खाली बसायची थांबते. आधी खड्ड्याचा दणका पाटे वाकून पिऊन टाकत होते, आता ते वाकतच नाहीत, तर तो दणका सरळ पाटे जिथं चॅसीला टांगलेत त्या हँगरला बसतो. वजन तेवढंच, खड्डा तोच, सोसणारा बदलला.

आणि ब्रेकचं तर मला माहीतच नव्हतं. मागच्या एक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हला जाणारी एक बारीक दांडी असते बऱ्याच पिकअपला. माल भरला की चॅसी खाली बसते, अंतर कमी होतं, दांडी दाबली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. रिकामी असली की मागं ब्रेक कमी, नाहीतर मागची चाकं घसरतील. आता पाटे वाढवून चॅसी खाली बसतच नाही म्हणल्यावर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि तीन टन माल असताना मागचे ब्रेक अर्धेच लागतात. ह्या गाडीत कुणीतरी त्यावर उपाय म्हणून ती दांडी बाइंडिंगच्या तारेनं वर ओढून कायमची बांधून टाकली होती. म्हणजे मग रिकामी असताना पावसात जोरात ब्रेक मारला की मागची चाकं लॉक. सात-आठ रुपयाची तार. तिला गंज चढलेला होता, म्हणजे कितीतरी दिवस अशीच पळत होती गाडी, लोकांच्या पोरांबाळांमधनं.

आता खडू. उजव्या बाजूला, मागच्या पाट्याचा पुढचा हँगर जिथं चॅसीला बसतो त्याच्या थोडं पुढं, उस्तादनी स्क्रू ड्रायव्हरनं रंग खरवडला. वर काळा, त्याच्या खाली लांबीसारखं, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीसारखं काहीतरी, ते पापुद्र्यासारखं सुटून आलं, आणि त्याखाली वेल्डिंग. हाताच्या पंज्याएवढी पट्टी चॅसीवर ठिगळ मारून बसवलेली. चिंधीनं डिझेल लावलं, चार-पाच मिनिटं थांबलो, मग कोरड्या चिंधीनं चकचकीत पुसून घेतलं आणि त्यावर खडू घासला, सगळं पांढरंफेक. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्या पांढऱ्यात एक बारीक काळी ओली रेघ उमटली. वेल्डिंग जिथं संपतं तिथनं चालू होऊन तिरकी वर गेलेली, माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. चिरेच्या आत शिरलेलं डिझेल खडूनं ओढून बाहेर काढलं होतं.

म्हणजे चॅसी एकदा चिरली, ठिगळ मारलं, आणि ठिगळाच्या शेजारनं परत चिरायला लागली. असंच होतं म्हणले, वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं पोलाद कमजोर होतं, पट्टी घट्ट राहते आणि चिर पट्टीच्या कडेनं पुढं जाते. खिशात हात घालून मी तिथंच पडून राहिलो थोडा वेळ. घाटात मागं ५० पिशव्या कांदा आणि शेजारी भाऊ बसलेला असं डोळ्यापुढं आलं.

बाकीचं तपासून टाकू म्हणले, आलोच आहे तर. टेप आणि सुतळी लावून चॅसी कोनाकोनांत मोजली, दोन कर्णांत फरक निघाला. मागं उभं राहून बघितलं तर केबिन आणि हौदा ह्यांच्यातली फट एका बाजूला बोटभर जास्त. चुंबक दाराला चिकटला, उजव्या मडगार्डला चिकटला नाही, म्हणजे तिथं लांबी. एलईडी पट्ट्याची वायर फ्यूज आणि रिले न लावता सरळ बॅटरीला जोडलेली आणि केबिनच्या पत्र्याच्या धारेवरनं नेलेली, ती धार एक दिवस वायर सोलणार आणि आग लागणार.

टायर दिसायला भारी पण टायरवर शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. इथं ०९१८ होतं, म्हणजे २०१८ चा नववा आठवडा, नक्षी चांगली पण रबर कडक होऊन बारीक भेगा. आणि टायर कंपनीच्या साइजपेक्षा मोठे, त्यामुळं मीटर खोटं बोलतो. मोबाइलवर वेग लावून बघितला, मीटरवर ६० तर खरा वेग ६५. तसंच किलोमीटर पण कमीच पडतात, तिथं ९२ हजार लिहिलेले खरे धरले तरी गाडी जास्त पळालीय, आणि खरे नसावेत कारण क्लच पेडलचं रबर झिजून लोखंड दिसत होतं.

टेस्ट ड्राइव्ह तरी घेतलीच, कारण भाऊ ऐकंना. यार्डवाल्याचा माणूस सोबत घेऊन तुळजापूर रोडला, हिप्परग्याचा तलाव मागं टाकून सरळ घाटापर्यंत. आपल्याकडं सगळे लोक हायवेला पळवून बघतात, सपाटीवर कुठलीही गाडी चांगलीच पळते. सोलापूरकरांना जवळचा चढ म्हणजे तुळजापूरचा घाट, तिथं नेल्याशिवाय पिकअप घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चढाला चौथ्या गिअरला हळू चालवत एकदम अॅक्सिलरेटर दिला, इंजिनचा आवाज चढला पण गाडी त्या मानानं उचलली नाही, म्हणजे क्लच घसरतोय. आरशात काळा धूर. उस्तादनी गाडी बाजूला घ्यायला लावून डब्याचा प्लग काढला आणि सेन्सरची मूळ वायर परत जोडली, धूर लगेच कमी. दुसरा गिअर टाकताना करकर. उतरताना अॅक्सिलरेटर सोडला की मागनं कराउनचा, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरचा हूं असा आवाज, अॅक्सिलरेटर दिला की बंद. रिकामी गाडी साध्या पॅचवर मागनं उड्या मारत होती, एवढ्या कडक पाट्यांवर द्राक्षाचे क्रेट नेले तर मनुके होऊन उतरतील.

येताना वजनकाट्यावर घातली. हे कुणी करत नाही आणि सगळ्यांनी करावं. आरसीवर म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर गाडीचं रिकामं वजन लिहिलेलं असतं. आम्ही सगळे उतरलो आणि बघितलं, आरसीपेक्षा ३१० किलो जास्त. बंपर, अँगल, पत्रा, पाटे, टायर, सगळं मिळून. म्हणजे कांद्याच्या ५० किलोच्या सहा पिशव्या रोज फुकट फिरवायच्या, त्याचं डिझेल आपण घालायचं, आणि कायद्यानं जेवढं वजन भरता येतं त्यातनं तेवढं वजा.

कागदाचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत नोंद असलेल्या, कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मधे हेच परत स्पष्ट केलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए प्रमाणं असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा दोन्ही. ओव्हरलोडला कलम १९४, २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी, आणि पर्यावरण कर पण तेव्हापासून. २०१८ ची गाडी म्हणजे हे सगळं दारातच उभं. पासिंगला नेताना उंच बाजू, बंपर, पट्टा सगळं उतरवायचं आणि पासिंग झालं की परत चढवायचं असं लोक करतात, यार्डवाल्यानं मला तेच सुचवलं. पण अपघात झाला आणि विम्याचा माणूस बघायला आला की तो गाडी आहे तशी बघतो. आरसीवर फायनान्सचा बोजा पण तसाच होता, हप्ते फिटलेत म्हणला, पण बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मागितला तर देतो देतो. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आधीच्या मालकाची सही घेऊन ठेवलेली, तारीख कोरी. ऑनलाइन ई-चलन बघितली तर सात, दोन ओव्हरलोडची.

यार्डवाला शेवटी ४ लाख ८० पर्यंत आला, लगेच. एवढ्या लगेच कुणी ९० हजार सोडत नाही. मी त्याला चिर दाखवली, खडूची रेघ तिथंच होती अजून. तो म्हणला त्यात काय, अजून एक पट्टी मारून देतो. भांडण केलो नाही, त्याचा धंदा आहे, पण त्याला म्हणलो की ती पट्टी मारून परत काळा रंग मारू नका एवढं तरी करा. तो काही बोलला नाही.

तर माझा निकाल असा. इंजिन चांगलं, स्टार्ट उत्तम, केबिन ठीक, क्लच, दुसरा गिअर, कराउन आणि एक इंजेक्टर खर्चाचे. हे सगळं भाव कमी करून पटलं असतं. चॅसीची चिर कुठल्याच भावात पटत नाही, कारण ती दुरुस्त होत नाही, फक्त झाकली जाते. आणि मॉडिफिकेशनचे दोन लाख म्हणाल तर मी त्याला शून्य पण नाही म्हणणार, उणे म्हणणार, पाटे काढायचे, टायर बदलायचे, बाजू कापायच्या, वायरिंग नवीन करायचं, हे सगळं घेणाऱ्याच्याच खिशातनं. सगळं मॉडिफिकेशन वाईट असतं असं नाही, हौद्याला रबराची मॅट, चांगले हॉर्न, सीट कव्हर, ताडपत्रीसाठी हुक, हे करा की. वजन आणि ब्रेक ज्यानं बदलतात ते नको.

उस्तादला मी ५०० च्या जागी १००० दिले, त्यांनी ५०० परत केले आणि म्हणले गाडी घेतलीस की सर्व्हिसिंगला ये.

पंधरा दिवसांनी बार्शीकडनं एक घेतली, तीच कंपनी, २०१७ चं शेवटचं मॉडेल, पांढरी, दूधवाल्याची. हौद्याला पोचे पडलेले, दाराला गंज, गाण्याचा टेप सुद्धा नाही. पण पाटे कंपनीचे, चॅसी तपकिरी आणि चिखलानं भरलेली, खडूवर एक पण रेघ आली नाही. ४ लाख ९५ ला मिळाली. भाऊ दोन दिवस नाराज होता.

आणि हे लिहायला बसलो त्याचं कारण परवाचं. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू आहे, यार्डात कांद्याची नुसती गर्दी, पहाटे चारला माझी गाडी लाईनीत आणि माझ्या पुढं दोन गाड्या सोडून फाळक्यावर सोनेरी तुळजाभवानी. तीच. बाजू उंच केलेल्या, त्याच्याही वर पिशव्या. एक चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा ड्रायव्हर सीटवर, शेजारी त्याची आई शाल पांघरून झोपलेली. विचारलो तर म्हणला महिना झाला घेतली, पाच लाख दहाला, लै मजबूत आहे ओ काका. मला काय बोलावं सुचंना. त्याला खाली उतर म्हणलो. मोबाइलचा टॉर्च लावून दोघं पण गाडीखाली वाकलो, उजव्या हँगरच्या पुढं परत काळा रंग होता, चकचकीत. माझ्या चावीनं खरवडला. ठिगळाच्या वर अजून एक ठिगळ, आणि ह्यावेळी चिर बघायला खडू लागलाच नाही, नखात अडकत होती.

माल उतरवून तो रिकामा सरळ उस्तादकडं गेला, मी पत्ता आणि नंबर देऊन पाठवलो. आई पुढच्या एसटीनं गेली, तिला मी स्टँडवर सोडलो.